पंखाकडे वीज मागू नका

२००६ साली हार्वर्ड आणि एमआयटीतल्या संशोधकांनी एक मेलेला मासा प्रवाहाविरुद्ध पोहवून दाखवला. ट्राउट जातीचा मासा, नुकताच मेलेला, अंग अजून लवचिक. वाहत्या पाण्यात एक उभा अडथळा ठेवला होता. अशा अडथळ्यामागे भोवरे सुटतात, एक डावीकडून, एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून. त्या भोवऱ्यांच्या वाटेत मासा बारीक दोरीला बांधून सोडला. भोवऱ्यांनी त्याचं अंग वळवायला सुरुवात केली, शेपूट लयीत हलू लागली, दोरी सैल पडली आणि मासा उलट्या पाण्यात अडथळ्याच्या दिशेनं सरकला. जीव गेलेला, स्नायू निकामी. पण शरीराची घडण आणि लवचीकपणा एवढ्या भांडवलावर त्यानं प्रवाहातली ऊर्जा काढून घेतली आणि ती लगेच पुढे जाण्यात खर्चून टाकली.

फडफडणाऱ्या पंखांनी वारा-पाण्यातून ऊर्जा मिळवायची, या कल्पनेचा सगळा मोह या प्रयोगात आहे. आणि वरच्या शेवटच्या वाक्याच्या अखेरच्या तुकड्यात तिचं सगळं दुखणंही आहे. माशानं ऊर्जा घेतली ती हालचाल म्हणून आणि वापरली तीही हालचाल म्हणूनच. मधे जनित्र नव्हतं, केबल नव्हती, महावितरणचा मीटर नव्हता. या पंखांच्या मागे लागलेल्या बहुतेक यंत्रकारांनी मात्र त्यांच्याकडून वीजच मागितली. माझं म्हणणं असं, की चूक पंखाची नव्हती, मागणीची होती. आणि हे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बसून बोलणं जास्त सोयीचं आहे, कारण ऊर्जेच्या नावानं काय काय मागितलं जातं याचा या जिल्ह्याला भरपूर अनुभव आहे.

आधी एक लाडका युक्तिवाद बाजूला काढू. पक्षी आणि मासे कोट्यवधी वर्षं पंख आणि पर हलवत आले, निसर्गानं चाक कधी वापरलं नाही, म्हणून पंख चाकापेक्षा श्रेष्ठ, असं सांगितलं जातं. ऐकायला छान वाटतं. पण अखंड गोल फिरणाऱ्या सांध्यातून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू नेता येत नाहीत, पिळून तुटतील. काही जिवाणूंच्या सूक्ष्म शेपट्या सोडल्या तर सजीवांत चाक नाही ते या अडचणीमुळे. निसर्गानं चाक नापास केलं नाही. त्याला ते परीक्षेलाच बसवता आलं नाही. शिवाय पक्षी पंख मारतो तेव्हा तो हवेला ऊर्जा देत असतो, आपल्याला घ्यायची आहे. हवेकडून ऊर्जा घेणारा पक्षी पाहायचा असेल तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीवर दुपारी उभं राहावं. मासळीच्या वासानं जमलेल्या घारी वर घिरट्या घालतात त्या पंख ताठ पसरून. शेपटी किंचित वळते, पंखांची टोकं जराशी दुमडतात, मिनिटभर एकही फडफड होत नाही, आणि घार होती त्याहून वर गेलेली असते. माणसाला उडता आलं तेही फडफडीचा नाद सोडल्यावर. जॉर्ज केली यांनी १७९९ मध्ये उचलणारा पंख आणि ढकलणारं साधन अशी दोन कामं वेगळी केली, तिथून विमानाचा रस्ता सुरू झाला.

म्हणजे निसर्गाचा दाखला इथे उपयोगाचा नाही. पंखाची बाजू मांडायची तर ती यंत्र म्हणूनच मांडली पाहिजे, आणि ती मांडण्यासारखी आहे.

१९८१ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या मॅकिनी आणि डीलॉरियर यांनी झुलत्या पंखाची पवनचक्की तयार करून तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. तत्त्व सोपं आहे. आडवी फळी प्रवाहाशी तिरपी धरली की ती वर ढकलली जाते. वरच्या टोकाला पोचली की तिचा तिरपेपणा उलटा करायचा, मग ती खाली ढकलली जाते. वर-खाली होणं ही एक हालचाल, कलणं ही दुसरी, आणि दोन्हींत पाव फेऱ्याचं अंतर. सगळी करामत त्या पाव फेऱ्यात आहे. फळी वेगानं कलली की तिच्या पुढच्या कडेवर एक भोवरा तयार होतो. तिथे दाब कमी होतो आणि फळीला जादा ओढ मिळते. हा भोवरा फार वेळ टिकत नाही. सुटून मागे वाहत जातो. तो सुटायच्या क्षणाला फळी उलटी फिरली तर त्याची जाता जाताही मदत होते, चुकली तर तोच अडसर होतो. कॅनडातल्याच लाव्हाल विद्यापीठात २००८ मध्ये संगणकावर झालेल्या अभ्यासात अशा एका पंखानं प्रवाहातली ३४ टक्के ऊर्जा घेता येते असं दिसलं. मोकळ्या प्रवाहातून ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त काढताच येत नाही, ही बेट्झची मर्यादा शंभर वर्षं जुनी आहे. चांगली आधुनिक पवनचक्की चाळिशी ओलांडते. तेव्हा पहिल्या पिढीच्या पंखाचे ३४ म्हणजे गुण वाईट नाहीत.

मग यंत्रं बाजारात का दिसत नाहीत? ब्रिटनमध्ये 'स्टिंगरे' नावाचं १५० किलोवॅटचं प्रचंड यंत्र २००२ मध्ये शेटलंड बेटांजवळच्या येल साउंडच्या तळाशी उतरवलं गेलं. लांब हात, त्याच्या टोकाला पंख, हात वर-खाली झाला की तेलाच्या दाबावर जनित्र फिरणार. चाललं, पण परवडलं नाही, आणि पुढच्या काही वर्षांत प्रकल्प गुंडाळला गेला. २००९ मध्ये हंबर नदीच्या मुखाशी पल्स टायडल कंपनीनं १०० किलोवॅटचं दुसरं यंत्र बसवलं. तीही कंपनी टिकली नाही. स्कॉटलंडच्या पेंटलंड फर्थमध्ये भरतीच्या प्रवाहातून व्यापारी वीज देणारा मेजेन प्रकल्प आहे, पण त्याची यंत्रं गोल फिरणारी आहेत.

कारण यंत्रशाळेतला कुठलाही फिटर सांगेल. जनित्राला एकसारखं फिरणं लागतं. पंख प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो, दोनदा दिशा बदलतो. त्याचं वजन दर वेळी थोपवायचं आणि पुन्हा हलवायचं. सांध्यांवर ताण येतो, तेलदाबाच्या नळ्यांत ऊर्जा गळते, आणि पाण्यातून घेतलेले ३४ टक्के तारेपर्यंत पोचताना निम्मे उरले तरी नशीब. थोडक्यात, पंखाची कमाई पाण्यात चांगली आहे, ती बाहेर आणण्याचा खर्च त्याला खातो.

आता रत्नागिरी. भारतात पवनऊर्जेची पहिली प्रात्यक्षिक केंद्रं १९८६ मध्ये उभी राहिली ती किनाऱ्यांवर; त्यांत गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तुतिकोरिन आणि महाराष्ट्रात रत्नागिरी होती. वेस्टास कंपनीची ५५ किलोवॅटची यंत्रं होती. पुढे मोठ्या पवनचक्क्या गेल्या घाटावर, साताऱ्याच्या वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर. आमचा वारा पावसाळ्यात दांडगा आणि एरवी दुपारच्या खाऱ्या वाऱ्यापुरता. वर्षाचा हिशेब पठारांच्या बाजूनं लागला.

लाटांचंही तेच. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणानं, म्हणजे मेडानं, लाटांच्या विजेसाठी योग्य म्हणून ज्या जागा सांगितल्या त्यांत वेंगुर्ला रॉक, मालवण रॉक, रेडी आणि गिर्ये यांच्या बरोबरीनं पावस आणि रत्नागिरी आहेत. पण लाटेचा जोर पावसाळ्यात वर्षाच्या सरासरीच्या दुपटी-तिपटीवर जातो. यंत्र बांधायचं ते आषाढातल्या समुद्राच्या हिशेबानं आणि त्याची कमाई मोजायची ती माघ-फाल्गुनातल्या समुद्राच्या हिशेबानं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ शेजारच्या रायगड किनाऱ्यावर धडकलं तेव्हा दापोली-मंडणगडात नारळी-पोफळी झोपल्या. त्या दिवशी समुद्रात झुलता पंख असता तर तो आठवड्यानं कुठल्या तरी पुळणीवर सापडला असता. (वेंगुर्ला रॉकच्या गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे, तिथली घरटी चोरीला जाऊ नयेत म्हणून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं मोठं काम केलं आहे. ऊर्जेच्या जागांची यादी करताना त्या जागी आधी कोण राहतं हा रकानाही असावा.)

उरतात खाड्या. आणि इथे पंखाची बाजू खरोखर भक्कम होते.

बाणकोटपासून दाभोळ, जयगड, काळबादेवी, भाट्ये, पूर्णगड ते जैतापूरपर्यंत जिल्ह्याला खाड्याच खाड्या. उधाणाला दोन-अडीच मीटरची भरती आत शिरते आणि दिवसातून दोनदा बाहेर पडते. मुखांशी वाळू साचते. भाट्याच्या मुखाशी नौका अडकतात ही मच्छीमारांची जुनी रड आहे. पाणी रुंद पण उथळ. गोल फिरणारं यंत्र इथे बसत नाही, कारण त्याला जेवढा व्यास तेवढी खोली हवी, शिवाय खाली-वर मोकळी जागा हवी. पंखाचं तसं नाही. तो आयताकृती जागा झाडतो. दीड मीटर उंची आणि दहा मीटर रुंदी अशी खिडकीही त्याला चालते. शिवाय तो सावकाश हलतो, पात्याच्या टोकाचा वेग मारक नसतो, त्यामुळे माशांना धोका कमी. प्रवाहाची दिशा बदलली तरी त्याला फारसं अडत नाही.

भरतीच्या वेगावर जगणं इथल्या माणसाला नवं नाही. खाडीत लावलेली बोक्षी म्हणजे खुंटांना बांधलेली पिशवी; पाणी वाहत येतं आणि मासळी, कोळंबी आणून टाकतं. डोल जाळ्याचंही तत्त्व तेच. उधाण कधी, भांग (म्हणजे मंद भरतीचे दिवस) कधी, कुठल्या वळणावर पाणी जोरात ओढतं, हे ज्यांना रोज माहीत असावं लागतं अशी माणसं या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

तरीही हिशेब करूनच बोललं पाहिजे. प्रवाहातली ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. समुद्राचं पाणी सेकंदाला एक मीटर वेगानं वाहत असेल तर एका चौरस मीटरच्या खिडकीतून सुमारे ५१२ वॅट जातात. वाऱ्यातून एवढं मिळवायला सेकंदाला साडेनऊ मीटर वेगाचा वारा लागेल. पाण्याचा हा फायदा मोठाच. आता त्यातले तीस टक्के पंखानं घेतले, म्हणजे दीडशे वॅट. पण एक मीटर हा वेग भरती-ओहोटीच्या मध्यावर थोडा वेळ असतो. मग पाणी मंदावतं, थांबतं, उलटतं. घनाचा नियम इथे उलटा चावतो. उधाणाच्या दिवशीही सरासरी पासष्ट वॅटच्या आसपास येते. भांगाला वेग निम्मा झाला तर ताकद एक अष्टमांश. महिन्याची गोळाबेरीज केली तर एका चौरस मीटरमागे दिवसाला पाऊण युनिट, फार तर एक. आणि घराच्या छपरावर ठेवलेलं एक चौरस मीटरचं सौर पॅनेल आपल्याकडे दिवसाला साधारण तेवढंच देतं. त्याला सांधा नाही, तेल नाही, कालवं चिकटत नाहीत, श्रावणात वाहून आलेले ओंडके आणि प्लास्टिक अडकत नाही.

हा हिशेब पंखाच्या चाहत्यांना आवडणार नाही. पण वेग दोन मीटर झाला तर हेच आकडे आठपट होतात आणि पॅनेल मागे पडतं. म्हणजे सगळा निकाल एका आकड्यावर येऊन ठेपतो, आणि तो आकडा यंत्राचा नाही, पाण्याचा आहे.

चिपळूणकडच्या वाचकाच्या मनात एव्हाना वाशिष्ठी आली असेल. कोयनेचं अवजल, वर्षाला ६७.५ टीएमसी, पोफळी-कोळकेवाडीकडून वाशिष्ठीत येतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. एवढं पाणी वाया जातं म्हणून हळहळणारे खूप आहेत. वर्षभराची सरासरी काढली तर सेकंदाला साठ घनमीटर. ते एक मीटर वेगानं वाहत असेल तर त्या सगळ्या पाण्यातली गतीची ताकद भरते तीस किलोवॅट. नदीच्या पूर्ण रुंदीला पंखच पंख लावले तरी हाती दहा किलोवॅट. हेच पाणी वर घाटातून साडेचारशे मीटरहून अधिक खाली उतरताना कोयनेची १९६० मेगावॅटची यंत्रणा चालवून आलेलं असतं. पाण्याची खरी पुंजी उंचीत होती, ती वरच खर्च झाली. खाली आली ती चिल्लर. आणि २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणकर नदीपात्रात दहा किलोवॅटसाठी आडवं काही उभं करू देतील, ही कल्पनाच सोडा. त्यांचं बरोबरच आहे.

मग पंख कुठे जिंकला? जिथे त्याच्याकडे वीज मागितली नाही तिथे. लाटेवर बोट वर-खाली होते, बोटीखाली आडवे पंख असले की त्या वर-खाली होण्याचं पुढे जाण्यात रूपांतर होतं. हर्मन लिंडेन यांनी १८९५ च्या सुमारास अशी छोटी बोट चालवून दाखवली होती. २००८ मध्ये केनिची होरिए हे जपानी दर्यावर्दी 'सन्टोरी मर्मेड २' ही बोट घेऊन होनोलुलूहून जपानला एकटे आले. सुमारे ७,००० किलोमीटर, ११० दिवस. बोटीच्या नाळेखाली दोन पंख, ढकलणारी लाट. वेग पायी चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी होता, पण डिझेल शून्य. 'वेव्ह ग्लायडर' नावाचं माणूस नसलेलं तरंगतं यंत्र याच तत्त्वावर चालतं. त्यातलं एक २०११ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं आणि वर्षभरानं ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्याच्या उपकरणांना लागणारी वीज पंख देत नाहीत, वर बसवलेली सौर पॅनेल देतात. पंख ढकलतात, सूर्य दिवे लावतो. ज्यांनी ते बनवलं त्यांनी हिशेब नीट केला होता.

२०१९ मध्ये फेरो बेटांच्या एका फेरीबोटीला नाळेशी आत-बाहेर होणारे पंख बसवले गेले. इंजिन आहेच, पण लाट आली की पंख थोडं ढकलतात आणि बोटीचं हेलकावणंही कमी करतात. रत्नागिरीच्या संदर्भात मला या सगळ्या गोष्टीतला हाच धागा सर्वांत कामाचा वाटतो. मासेमारीच्या एका फेरीचा सर्वांत मोठा खर्च डिझेलचा. डिझेल परतावा कधी मिळणार यावर जेटीवर जेवढी चर्चा होते तेवढी दुसऱ्या कशावर क्वचित होत असेल. छोट्या नौकेच्या नाळेखाली पंखांची जोडी बसवून डिझेल किती वाचतं, जाळं ओढताना ती आड येते का, मुखाशी वाळूवर नौका टेकली तर मोडते का, हे प्रश्न इथल्या इथे सोडवता येण्यासारखे आहेत. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आणि नौका बांधणारे कारागीर आहेत, ज्यांचा शब्द मी या बाबतीत प्राध्यापकांच्या आधी ऐकेन. खाडीतही तसंच: भरतीच्या जोरावर थेट पंप चालवून कोळंबीच्या तळ्यात पाणी खेळतं ठेवणं, हे हालचालीचं हालचालीसाठी काम आहे. तिथे पंख थांबत-थांबत चालला तरी तळ्याचं बिघडत नाही.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो योग्य आहे. कोकणी माणसाला मोठ्याच्या बदल्यात नेहमी छोटं आणि गोंडस काहीतरी दाखवलं जातं. अंजनवेलला एन्रॉनच्या वीजप्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ ला सुरू झाला आणि २००१ ला बंद पडला. जयगडला १२०० मेगावॅट कोळशावर चालतात. जैतापूरला सुमारे दहा हजार मेगावॅट अणुऊर्जेचे कागद तयार आहेत. त्या आकड्यांपुढे पंख म्हणजे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातली वस्तू. खरं आहे, पंख यांतल्या कशालाही पर्याय नाही, आणि तो पर्याय आहे असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण जिल्ह्यातल्या ऊर्जेची चर्चा फक्त मेगावॅटमध्ये झाल्यामुळे एक नुकसान झालं. नौकेचं डिझेल, बर्फाचा कारखाना, तळ्यातला पंप, ही जी ऊर्जा इथला माणूस रोज स्वतःच्या खिशातून विकत घेतो, ती कुणाच्या आराखड्यातच आली नाही.

दुसरी गोष्ट हक्काची. खाडीत पाणी जिथे सर्वांत जोरात ओढतं तिथेच बोक्षीच्या जागा आहेत, आणि त्या कुणाच्या, हे कागदावर नसलं तरी गावाला पाठ आहे. यंत्रालाही नेमकी तीच जागा लागणार. बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरुद्ध जे आंदोलन झालं ते माती परीक्षणावरून झालं. प्रकल्प अजून कागदावरच होता. खाडीत खुंट ठोकण्याआधी ज्यांचे खुंट तिथे आधीच आहेत त्यांच्याशी बोलणं हा शिष्टाचार नाही, पहिली तांत्रिक अट आहे.

तेव्हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. प्रकल्प म्हणून पंख बनवायच्या आधी वेगमापक घ्या. भाट्ये, काळबादेवी, जयगड, दाभोळ, प्रत्येकी एक वळण निवडा, जागा मच्छीमारांना विचारून निवडा, आणि उधाण ते भांग, पावसाळा ते उन्हाळा, वर्षभर पाण्याचा वेग नोंदवा. नोंदी मराठीत, सर्वांना पाहता येतील अशा ठेवा. आणि त्याआधी कुणी खाडीतल्या विजेचं यंत्र घेऊन ग्रामपंचायतीत पैसे मागायला आलं, तर गावानं त्याला एवढंच विचारावं: भांगाच्या दिवशी इथे पाण्याचा वेग किती, आणि तो तू कधी मोजलास?